‘गॅप’ आली की गादी सरकली? पाठीचा कणा आतून कसा असतो

कंबर धरलेल्या माणसाची विचारपूस करायला गोव्यात पेडण्यात जा नाहीतर काणकोणात, तीनपैकी एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘मणक्यात गॅप आलीय’, ‘गादी सरकलीय’, नाहीतर ‘नस दबलीय’. यातलं पहिलं वाक्य जवळजवळ उलटं आहे, दुसरं अर्धं खरं आणि तिसरं पुष्कळदा बरोबर. तरी तिन्ही एकाच सुरात म्हटली जातात आणि तिन्हींवर सल्लाही एकच मिळतो: पट्टा बांध, पडून राहा, वाकू नको. आत कुठली वस्तू कुठे आहे, कुणाला रक्त मिळतं, कुणाला वेदना कळते, एवढं समजलं की ही गल्लत आपोआप सुटते.

मोजदाद

लहानपणी मणके मोजले तर ३३ भरतात: मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि शेवटी माकडहाडाचे ४. त्रिकास्थीचे पाचही मणके वयात येताना जुळू लागतात आणि पंचविशीपर्यंत त्यांचं पाचरीसारखं एकच हाड होतं. माकडहाडाचे तुकडेही बहुतेकदा जुळतात. कुणात ते तीन असतात, कुणात पाच. म्हणून मोठ्या माणसाच्या कण्यात सुटी हाडं धरायची ती २६. पुरुषात या सगळ्याची लांबी साधारण ७० सेंटिमीटर, बाईत दहाएक सेंटिमीटरने कमी.

रिपोर्टातली अक्षरं याच मोजणीची आहेत. मान म्हणजे सी, छाती म्हणजे टी, कंबर म्हणजे एल, त्रिकास्थी म्हणजे एस, आणि पुढचा आकडा वरून खाली. आपल्याकडे बरेच डॉक्टर टीऐवजी डी लिहितात. डी-१२ आणि टी-१२ हा एकच मणका. काहींचा पाचवा कमरेचा मणका जन्मतःच त्रिकास्थीला चिकटलेला असतो, काहींचा त्रिकास्थीचा पहिला सुटा राहतो. तसं असेल तर मोजणी एकाने चुकते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी ही चूक पकडावीच लागते.

कण्याला मराठीत मेरुदंडही म्हणतात. दंड म्हटलं की डोळ्यांपुढे सरळ काठी येते, आणि गडबड तिथेच सुरू होते. मंगेशीच्या देवळापुढचा दीपस्तंभ सात मजल्यांचा. एकावर एक, सरळ, स्वतःच्या वजनावर उभा. कणा तसा उभा राहत नाही. बाजूने पाहिलं तर मान पुढे वळलेली, छातीमागचा भाग मागे फुगलेला, कंबर पुन्हा पुढे, त्रिकास्थी मागे. पोटातलं मूल नुसतं मागे बाक काढून असतं. तीन-चार महिन्यांचं झाल्यावर ते मान धरतं तेव्हा मानेचा बाक तयार होऊ लागतो. उभं राहून चालू लागतं तेव्हा कमरेचा.

स्नायू काढून टाकले आणि नुसती हाडं, गाद्या आणि त्यांना बांधणाऱ्या पट्ट्या ठेवल्या, तर प्रयोगशाळेत कमरेचा कणा सुमारे ९ किलो वजनाखालीच दुमडतो. जिवंत माणूस मात्र त्याच कण्यावर तांदळाचं पोतं वाहतो. कारण कणा खांब नसून गलबताची डोलकाठी आहे: चहूबाजूंनी दोर ताणलेले असतील तोवरच ती उभी राहते. पुढचं बरंचसं या दोरांवरूनच कळेल.

अंगावर मणके कसे ओळखायचे

मान खाली घातली की खांद्यांच्या रेषेत मागे जो सर्वांत ठळक उंचवटा लागतो तो सहसा सी-७. शंका असेल तर त्यावर एक बोट आणि त्याच्या वरच्या टोकावर दुसरं बोट ठेवून मान हळूच मागे न्या. वरचा उंचवटा पुढे सरकून बोटाखालून निसटला तर तो सी-६. जागेवर राहिलेला सी-७. हात अंगालगत सोडून उभं राहिलं की खांद्याच्या पात्याचं खालचं टोक टी-७च्या जवळ येतं. दोन्ही हात कमरेवर ठेवून कंबरेच्या हाडाची सर्वांत वरची कड चाचपा. दोन्ही कडा जोडणारी रेष एल-४च्या आसपास कणा ओलांडते. ही रेष नीट लक्षात ठेवा, भूल देणारे डॉक्टर तिच्यावरच भिस्त ठेवतात. त्याखाली नितंबांच्या वर ज्या दोन खळ्या दिसतात त्या एस-२च्या पातळीवर.

बोटाला जे टोक लागतं तो मात्र मणक्याचा शेपटासारखा मागचा भाग. वजन पेलणारा मुख्य गोळा आत, पोटाच्या बाजूला असतो. छातीच्या मधल्या मणक्यांची शेपटं इतकी तिरपी उतरतात, की बोट ज्या टोकावर आहे त्याचा गोळा जवळजवळ एक मजला वर असतो. ‘इथलाच मणका दुखतो’ असं बोट ठेवून सांगितल्यावर डॉक्टर फोटो वेगळ्याच जागेचा मागतात, त्याचं एक कारण हे.

एक मणका

पुढे दंडगोलासारखा गोळा. त्याच्या मागून दोन आखूड खुंट निघतात, त्यांना दोन पत्रे जोडले जातात आणि त्यातून मागे एक कडं तयार होतं. मणके एकावर एक रचले की या कड्यांचा बोगदा होतो आणि त्यातून मज्जारज्जू जातो. कड्याला सात टोकं: मागे एक शेपूट, दोन्ही बाजूंना एकेक पंख (स्नायू बांधायला), आणि वर दोन, खाली दोन असे चार छोटे सांधे. उभं असताना वजनाचा मोठा वाटा, ढोबळमानाने ८० टक्के, पुढच्या गोळ्यातून आणि गादीतून खाली जातो. उरलेला या मागच्या सांध्यांतून. सांध्यांचं खरं काम वजन पेलण्यापेक्षा कण्याला कुठल्या दिशेने वळू द्यायचं हे ठरवणं आहे.

त्यांचा रोख प्रत्येक भागात वेगळा. मानेत ते तिरपे, म्हणून मान सगळीकडे फिरते. छातीमागे वळायला मोकळीक आहे, पण बरगड्यांच्या १२ जोड्यांमुळे वाकणं थोडंच. कमरेत सांध्यांची तोंडं आत-बाहेर अशी उभी, दाराच्या बिजागरीसारखी: पुढे-मागे छान, वळणं जवळजवळ नाही. कमरेच्या एका मजल्याला जेमतेम एक-दोन अंश वळता येतं. म्हणून वाकलेल्या अवस्थेत कमरेतून पीळ देऊन बादली बाजूला ठेवणं हा कमरेवरचा सर्वांत वाईट प्रयोग. वळायचं तर पाय उचलून वळायचं. खुबे त्यासाठीच आहेत.

मानेचे पहिले दोन मणके बाकी सगळ्यांपासून फटकून आहेत. पहिल्याला गोळाच नाही, तो नुसतं कडं, आणि त्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं टेकलेलं. ‘होय’ म्हणताना मान हलते त्यातला मोठा भाग डोकं आणि या कड्याच्या सांध्यात होतो. दुसऱ्या मणक्यातून दातासारखा खुंटा वर येतो आणि पहिल्याच्या कड्यात अडकतो; जात्याच्या खुंट्याभोवती तळी फिरावी तसा पहिला मणका त्याभोवती फिरतो. ‘नाही’ म्हणताना मान जेवढी वळते त्यातली जवळपास निम्मी इथेच. या दोघांच्या मध्ये गादी नाही, डोकं आणि पहिला मणका यांच्यातही नाही. म्हणूनच गाद्या फक्त २३.

गादी: कापडाची पिशवी आणि आतला गर

कण्याच्या उंचीतला सुमारे पाव भाग गाद्यांचा. प्रत्येक गादीत मधोमध पाणीदार, जेलीसारखा गर आणि त्याभोवती चिवट तंतूंचे १५ ते २५ थर. माडाच्या झावळीच्या बुडाशी खोडाला लपेटलेलं जाळीदार तपकिरी कापड पाहिलं असेलच. त्यात तंतू एकमेकांना तिरके छेदून जातात. गादीच्या थरांतही एका थराचे तंतू एकीकडे तिरके, पुढच्याचे उलट दिशेने. कण्याला पीळ दिला की निम्मेच थर ताणले जातात, निम्मे सैल पडतात. वाकणं आणि पीळ एकत्र आल्यावर गादीची ताकद का घटते ते यावरून समजेल.

गादीला रक्तवाहिन्या नाहीत, अगदी बाहेरची कड सोडली तर. तिला पोषण मिळतं ते वरखालच्या मणक्यांच्या सपाट तोंडांतून झिरपून, आणि हलण्याने, दाब पडण्या-सुटण्याने त्याला मदत होते. म्हणून गादीची जखम चामडीसारखी आठवड्याभरात भरून येत नाही. वेदना कळणारे तंतूही फक्त बाहेरच्या थरांत. आतला गर मुका. आतले थर फाटत असताना पुष्कळदा काहीच कळत नाही. फाट बाहेरच्या थरापर्यंत पोचली की मग ‘काल नुसती चप्पल उचलायला वाकलो आणि कंबर धरली’. दोष चपलेचा नसतो.

तरुणपणी गरात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी. दिवसभर उभं-बसलं की त्यातलं थोडं पिळून निघतं, रात्री आडवं झालं की परत शोषलं जातं. त्यामुळे सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक टक्का, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या पुढे, उंच असतो. उठल्यावर पहिल्या तासातच त्यातली निम्म्याहून जास्त उंची उतरते. याचा एक व्यवहारी अर्थ आहे जो फार थोडे लोक पाळतात: उठल्या उठल्या गादी टम्म भरलेली असते आणि वाकल्यावर तिच्या थरांवर ताण जास्त पडतो. वाकून अंगण झाडणं, विहिरीचं पाणी काढणं, जमिनीवर टेकून करायचे व्यायाम, हे उठल्यावर तासाभराने केलेलं बरं. कंबरदुखीच्या माणसाने तर नक्कीच.

गादीतला दाब प्रत्यक्ष सुई घालून मोजलेला आहे. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात सुरुवात केली. जर्मनीत उल्मच्या विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये एका निरोगी स्वयंसेवकाच्या एल-४-५ गादीत, म्हणजे एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधल्या गादीत, दाबमापक बसवून दिवसभराचे आकडे घेतले. पालथं पडल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं असताना ०.५, वाकल्यावर १.१, आणि २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना २.३. गाडीच्या चाकात हवा साधारण ०.२ची असते, म्हणजे शेवटचा आकडा चाकाच्या अकरापट. तेच वजन गुडघे वाकवून उचललं तर १.७, उचलून अंगाला चिकटवून धरलं तर १.१. माणूस एकच असल्याने आकडे ब्रह्मवाक्य समजू नयेत, पण क्रम बोलका आहे. बसण्याच्या बाबतीत दोघांचे निष्कर्ष जुळले नाहीत: नाखेमसनना बसल्यावर दाब उभ्यापेक्षा जास्त आढळला, विल्केंना किंचित कमी. तेव्हा ‘बसणं म्हणजे विष’ असं छातीठोक सांगणाऱ्यांकडे जरा सबुरीने पाहावं. तासन्‌तास न हलता बसणं वाईट, हे मात्र पोषणाच्या गणितावरूनच कळतं.

आता ती तीन वाक्यं.

‘गॅप आली’. एक्स-रेत हाड दिसतं, गादी दिसत नाही. दोन मणक्यांमधली काळी जागा म्हणजेच गादी, आणि ती असायलाच हवी. पाणी कमी होऊन गादी बसली की ही जागा अरुंद होते. म्हणजे आजारात गॅप येत नाही, असलेली गॅप कमी होते. मग काही लोक ‘गॅप भरून काढायचं’ तेल आणि चूर्ण घेतात. बाहेरून लावलेलं तेल त्या गादीपर्यंत पोचत नाही.

‘गादी सरकली’. वरखालच्या मणक्यांना गादी इतकी घट्ट चिकटलेली असते, की साबणाच्या वडीसारखी ती सटकू शकत नाही. होतं ते असं: थर फाटतात आणि आतला गर त्या फटीतून बाहेर येऊ लागतो. नेवरी (करंजी) तळताना कड उलली आणि सारण बाहेर डोकावलं, तसं. एमआरआयच्या रिपोर्टात याचे चार टप्पे लिहितात. बल्ज म्हणजे गादी घेराच्या चौथ्या भागाहून जास्त जागेत सरसकट फुगली. प्रोट्रूजन म्हणजे एका ठिकाणी टेंगूळ, पण बुड रुंद. एक्स्ट्रूजन म्हणजे टेंगळाची मान बारीक आणि डोकं मोठं, गर फुटून बाहेर. सिक्वेस्ट्रेशन म्हणजे तुकडा तुटून मोकळा झाला. वाचताना शेवटचे दोन भयंकर वाटतात, पण नवल असं की बाहेर पडलेला मोठा तुकडा शरीरातल्या भक्षक पेशी बऱ्याचदा हळूहळू खाऊन टाकतात. नुसता बल्ज मात्र वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. पायात कळ उतरणाऱ्या बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय उतार पडतो.

शिवाय काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय एकत्र करून पाहिले, तर विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत बल्ज सापडतो, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. रिपोर्ट आणि दुखणं जुळतात का हे तपासल्याशिवाय नुसत्या रिपोर्टावर हाय खाणं बरोबर नाही.

‘नस दबली’ हे वाक्य खरं केव्हा ठरतं, ते मज्जारज्जूपाशी आल्यावर पाहू.

दोर

मणक्यांच्या गोळ्यांपुढून एक लांब पट्टी जाते, मागून दुसरी. मागची कमरेपाशी येता येता अरुंद होते, म्हणून गर सरळ मागे न येता बहुधा तिच्या कडेने, एका बाजूला बाहेर येतो, आणि नसेचं मूळ नेमकं त्याच वाटेवर. म्हणून कळ बहुधा एकाच पायात. बोगद्याच्या मागच्या भिंतीला पिवळी, रबरासारखी लवचिक पट्टी असते. वय वाढलं की ती जाड होते आणि मान किंवा कंबर मागे नेली की आत घडी पडून बोगदा अरुंद करते. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधताना बराच वेळ मान वर करून उभं राहिल्यावर एखाद्या आजोबांच्या हातांत मुंग्या आल्या, तर हे कारण असू शकतं. उंच टेबल घेऊन काम डोळ्यांच्या पातळीवर आणलं की मान मागे न्यावी लागत नाही.

स्नायूंचं गणित तरफेचं. पाठीचे मुख्य स्नायू कण्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे. १५ किलोची भरलेली कळशी तुम्ही ५० सेंटिमीटर पुढे धरलीत, तर तोल राखायला स्नायूंना दहापट, म्हणजे १५० किलोच्या जोराने ओढावं लागतं, आणि हा सगळा दाब गाद्यांवर. तीच कळशी २० सेंटिमीटरवर आणली तर ६० किलो. वाकल्यावर धडाचं स्वतःचं वजन पुढे येतं ते याशिवाय. ‘पाठ सरळ ठेवा’ हा उपदेश सगळे करतात. त्याहून मोठा फरक ‘जवळ घ्या’ याने पडतो.

घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास, त्यात गॅस १४.२. तो उचलण्यापेक्षा कडेवर तिरका करून गोल गोल फिरवत न्यावा. पायरी चढवायचीच असेल तर दोघांनी. एकट्याने उचलणं टळत नसेल तर पावलं सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना, खुब्यातून आणि गुडघ्यातून खाली, पोटाला चिकटवून वर, आणि वळताना पावलं टाकून. शिगम्यात ढोल गळ्यात अडकवणाऱ्यांनी पट्टा आखूड करून ढोल पोटाला भिडवावा. लोंबता ढोल तेवढ्याच वजनाचा असूनही कंबर लवकर भरते.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांच्या कामाची. पूर्ण वाकून राहिलं की थोड्या वेळाने पाठीचे स्नायू काम सोडून देतात आणि सगळा भार पट्ट्यांवर लटकतो. लावणी करताना असं वीसेक मिनिटं राहिलं की पट्ट्या सैलावतात आणि उभं राहिल्यावर त्या लगेच पूर्ववत होत नाहीत, अर्धा तास उलटला तरी थोडा ढिलेपणा शिल्लक असतो. कंबरेत उसण भरते ती बहुधा वाकलेलं असताना नाही, वर येऊन लगेच तरव्याचे मुडे (भाताच्या रोपांच्या जुड्या) उचलताना. मधेमधे उठावं, हात कमरेवर ठेवून किंचित मागे झुकावं, चार पावलं चालावं आणि मगच ओझ्याला हात घालावा. खनिजाच्या ट्रकचालकांनाही हेच लागू. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ६ हेलकाव्यांच्या कंपनात सर्वांत जास्त थरथरतो, आणि अवजड गाड्यांचे हादरे याच पट्ट्यात येतात. लांब फेरीनंतर उतरल्या उतरल्या चाक बदलायला वाकू नये.

मज्जारज्जू आणि नसा

मज्जारज्जू करंगळीएवढा जाड, ४२ ते ४५ सेंटिमीटर लांब, आणि बोगद्यापेक्षा आखूड. मोठ्या माणसात तो एल-१ आणि एल-२च्या दरम्यान संपतो. त्याखाली फक्त नसांच्या मुळांचा झुबका पाण्यात लोंबत असतो; जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला लॅटिनमध्ये ‘घोड्याची शेपटी’ म्हटलं, आणि ते नाव चिकटलं.

सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन देतात ते म्हणूनच एल-३-४ किंवा एल-४-५ मध्ये, कमरेच्या हाडांच्या कडा जोडणाऱ्या त्या रेषेच्या हिशेबाने. सुई कातडी, चरबी, शेपटांमधल्या पट्ट्या आणि मग पिवळी पट्टी ओलांडते, तिथे हाताला अडसर सुटल्याचं कळतं. नंतर मज्जारज्जूच्या सर्वांत बाहेरच्या आवरणाला बारीक भोक पडतं आणि स्वच्छ पाणी सुईतून येतं. त्या पातळीवर मज्जारज्जू नसतोच. सुटी मुळं पाण्यात बाजूला सरकतात. ‘त्या इंजेक्शनामुळे माझी कंबर कायमची गेली’ असं अनेक बायका सांगतात, पण दीर्घकाळच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. बाळंतपणात सैलावलेलं पोट, नऊ महिने पुढे गेलेला तोल आणि त्यानंतर वाकून मूल उचलणं, हे आरोपी जास्त पटणारे. पाण्याची गळती होऊन काही दिवस डोकं दुखणं मात्र खरं. बसल्यावर वाढतं, आडवं पडल्यावर थांबतं.

मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात: मानेत ८, छातीत १२, कमरेत ५, त्रिकास्थीत ५, माकडहाडाला १. मानेत मणके सात आणि नसा आठ, कारण पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या वरून निघतात आणि आठवी सातव्याच्या खालून. तिथून पुढे प्रत्येक नस आपल्या मणक्याखालून. कमरेत गंमत अशी, की एल-४-५ची गादी फुटली तर बहुधा एल-५ची नस दबते, एल-४ची नाही. कारण एल-४ची नस गादीच्या वरूनच बाहेर पडून गेलेली असते. कमरेच्या गाद्या फुटतात त्यातल्या दहापैकी नऊ एल-४-५ आणि एल-५-एस-१ या शेवटच्या दोन मजल्यांवर: वजन सर्वांत जास्त, उतार सर्वांत तिरका.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. टाचांवर चालून पाहा. पाऊल वर धरवत नसेल, पायाचा अंगठा वर उचलायला जड जात असेल, पावलाच्या वरच्या भागात बधिरपणा असेल तर संशय एल-५वर. चवड्यांवर चालता येत नसेल, बधिरपणा करंगळीच्या बाजूला आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेला असेल तर एस-१. हातात अंगठ्याकडे मुंग्या सी-६च्या, मधल्या बोटाकडे सी-७च्या, करंगळीकडे सी-८च्या. ‘नस दबली’ हे वाक्य तेव्हाच खरं, जेव्हा कळ नसेच्या वाटेने जाते: कमरेतून निघून गुडघ्याखाली उतरते, खोकल्या-शिंकल्यावर चमकते. दुखणं कमरेतच घुटमळत असेल तर बहुतेक वेळा ते स्नायू, सांधे किंवा गादीच्या बाहेरच्या थराचं असतं. ते दोन दिवसांच्या वर अंथरुणात पडून राहिल्याने लवकर बरं होत नाही, उलट रेंगाळतं. झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहावं.

घाई कधी करायची? लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर ‘घोड्याची शेपटी’ दबली आहे. हे सोमवारच्या ओपीडीचं काम नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जिथे एमआरआय आणि शस्त्रक्रियेची सोय आहे तिथे पोचायचं. एक-दोन दिवसांची दिरंगाई लघवीवरचा ताबा कायमचा घालवू शकते.

सगळंच गादीचं नसतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असेल तर मणक्याचा क्षयरोग डोक्यात ठेवावा. तो शेजारच्या दोन मणक्यांचे पुढचे भाग पोखरतो, मणका पाचरीसारखा बसतो आणि पाठीला टोक येतं. औषधांनी तो बरा होतो, पण ती वर्षभर किंवा जास्त घ्यावी लागतात. पंचविशी-तिशीतल्या तरुणाची कंबर सकाळी अर्धा तासाहून जास्त ताठरते आणि हालचालीने सैल होते, तर ते संधिवाताकडे बोट दाखवतं. पाळी गेलेल्या बाईच्या पाठीत बादली उचलल्याचं निमित्त होऊन कळ आली, तर ठिसूळ मणका दबला असेल. आणि ज्या म्हाताऱ्या माणसाचे पाय चालताना भरून येतात, पण बाजारात गाडा ढकलताना किंवा सायकलवर काही होत नाही, त्यांचा बोगदा अरुंद झालेला असतो. पुढे झुकल्याने तो थोडा रुंदावतो.

माडावरून पडलेला माणूस

पाडेली (नारळ पाडणारा) किंवा रेंदेर (माडाची सूर काढणारा) उंचावरून पायांवर अथवा बुडावर आपटला की धक्का टाचांतून वर चढतो आणि बहुधा टी-१२ ते एल-१च्या आसपास मणका फोडतो, कारण बरगड्यांनी जखडलेला ताठ भाग तिथे संपतो आणि हलता भाग सुरू होतो. म्हणून टाच मोडलेल्या माणसाच्या कण्याचाही फोटो काढतात. उथळ पाण्यात, चिऱ्यांच्या जुन्या खाणीत किंवा ओहोटीच्या समुद्रात डोक्यावर सूर मारणाऱ्याची मान बहुधा सी-५-सी-६जवळ मोडते. श्वासाचा पडदा सी-३, ४, ५च्या नसांवर चालतो. जखम त्याच्या वर असेल तर माणूस जागीच श्वास घेऊ शकत नाही.

अशा माणसाला हात-पाय धरून उचलून रिक्षात घालणं ही सर्वांत घातक मदत. फुटलेल्या हाडाचा तुकडा त्या वाकण्याने मज्जारज्जूत घुसू शकतो. आधी १०८ला फोन करा. एकाने त्याच्या डोक्यापाशी बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं, नाक आणि बेंबी एका रेषेत राहतील असं धरावं आणि मदत येईपर्यंत सोडू नये. ‘मान हलवू नको’ एवढंच सांगा; उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. हाता-पायांची बोटं हलवायला सांगून काय हलतं, काय नाही, हे वेळेसह लक्षात ठेवा. पुढे डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. पाण्यात असेल किंवा उलटी होत असेल आणि हलवावंच लागलं, तर चौघं लागतात: एक डोक्याशी, बाकीचे तिघं एकाच बाजूला खांदा, कंबर आणि गुडघा धरून. डोक्याशी बसलेला ‘एक, दोन, तीन’ म्हणेल तेव्हाच सगळ्यांनी ओंडका लोळवावा तसं त्याला एका अंगावर करायचं, पाठीखाली फळी किंवा दाराचं पान सरकवायचं आणि त्याच तालात परत उताणं करून फळीसकट उचलायचं. फळीवर डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावून कपाळावरून पट्टी बांधली की मान गाडीच्या हिसक्यांनी हलत नाही.